थोरली अक्षरं, धाकटी अक्षरं

जेल रोडवर, मोबाइलच्या काचा बदलणाऱ्यांच्या डोक्यावर
माझं ऑफिस: दोन खुर्च्या, एक पंखा, एक मी.
हैबतराव काटकर जिना चढून आले,
वय एक्याऐंशी, पायरीगणिक एक दम.
सियागंजात तोलकाट्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं.
नातवानं सांगितलंय, नेटवर नाव घेऊन टाका.

नाव शिल्लक होतं. मी टाइप केलं.
चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले,
"के थोरला काढा."

थोरला. कॅपिटल नाही म्हणाले.
म्हटलं, काका, काढते, पण टिकायचा नाही.
तुम्ही थोरला लिहा, धाकटा लिहा,
रागाच्या भरात सगळीच थोरली लिहा,
वाटेवरच्या यंत्राला उंची दिसतच नाही.
ते सगळ्यांना एकाच मापानं मोजतं
आणि एकाच दुकानाशी आणून सोडतं.

"आणि उद्या कुणी सगळं बारीक लिहून
आमचंच नाव पळवलं तर?"
नाही पळवता येत. तेही तुमचंच.
एकदा घेतलं की सगळ्या उंचीचं तुमचं.

बराच वेळ नुसता पंखा.
"आजोबा देवासला होते," मग म्हणाले,
"थोरल्या पातीच्या कोठारावर.
गाव एक, राज्यं दोन.
रस्ता ओलांडला की धाकटी पाती.
गहू दोन्हीकडे तोच.
पण मरेपर्यंत सांगायचे, आपण थोरल्या पातीचे."

यावर काय बोलायचं?
वर्षाचे आठशे नव्वद घेतले.

बिल करताना मनात आलं,
आपल्या लिपीत कुठाय थोरला क?
राजाचा र आणि रद्दीचा र
एकाच दांडीवर वाळत घातलेले.
म्हणूनच असेल, ती उंची आपण तोंडात ठेवली:
अहो. अरे. ए.
मघाशी खालच्या चहाच्या पोराला ते "ए" म्हणाले होते,
मला "अहो मॅडम".

आठ दिवसांनी फोन.
पाचशे कार्डं छापून आलीत,
दुकान उघडतंय, भावपत्रक उघडत नाही,
सकाळपासून सात गिऱ्हाइकांनी तक्रार केली.

पाहिलं. नावापुढे तिरपी रेघ,
रेघेपुढे कार्डावर "रेट"चा आर धाकटा.
मी फाइलला दिला होता थोरला.
चूक माझी, जेवणाआधीच्या घाईतली.

काका, म्हटलं, रेघेच्या अलीकडे कसेही या.
पलीकडे मात्र सर्व्हरची मर्जी,
आणि आपला सर्व्हर असा
की थोरला आर म्हणजे थोरलाच.
धाकटा भाऊ आला तर सरळ सांगतो,
या नावाचं इथे कुणी राहत नाही.

पलीकडे हसणं, खोकल्यात मिसळलेलं.
"आमच्या घरासारखंच की हो!
दारात कुणीही या, पाण्याचा तांब्या यायचा.
पण माजघरात थोरल्या काकूंना
नुसतं काकू म्हणून बघा.
ओ द्यायच्या नाहीत."

दोन्ही आर मी एकाच पानाला बांधून टाकले.
पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, पावतीसाठी.
पैसे नको म्हटलं तर ऐकेनात.
काट्यांवर जगलेला माणूस,
फुकटचं पारडं त्यांना झेपत नाही.
प्रिंटर रुसलेला, म्हणून हातानंच लिहिलं
देवनागरीत: काटकर.

त्यांनी नखानं चाचपलं.
पहिला क, कान्यासकट. पुढचा क, उघडा.
"दोन्ही सारखेच," म्हणाले,
छाप मारलेलं वजन तळहातावर घ्यावं तसं,
आणि पावतीची चार घडी करून
कठड्याला धरत उतरले.

खालून त्यांचा आवाज आला,
"ए, एक कट वर दे.
मॅडमना."